शंभर यार्डांचा हक्क

सिगारेट ओढायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, असं आपण सगळेच म्हणतो. मग सुप्रीम कोर्ट त्यात का पडलं? गुटखाबंदीच्या लढाईत महाराष्ट्र सरकार आधी हरलं आणि नंतर जिंकलं, ते कशाच्या जोरावर? आणि तुमच्या कॉलेजच्या गेटबाहेरच्या टपरीचा या सगळ्याशी काय संबंध?

आज कॉलेज सुटलं की एक करून बघा. कॅम्पसच्या कंपाउंडच्या भिंतीपाशी उभे राहा आणि सिगारेट-तंबाखू मिळणाऱ्या सगळ्यात जवळच्या टपरीपर्यंत पावलं मोजत जा. कॉलेज रोडला असाल, गंगापूर रोडला असाल, पंचवटीत असाल नाहीतर नाशिकरोडला, कुठेही. आकडा मनात ठेवा. पुढे लागणार आहे.

शंभर यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. आपल्या चालीने साधारण सव्वाशे पावलं. शाळा-कॉलेजच्या हद्दीपासून एवढ्या अंतरात सिगारेट, विडी, तंबाखू, काहीही विकणं हा गुन्हा आहे. २००३ साली संसदेने केलेल्या ज्या कायद्याला सगळे ‘कोटपा’ म्हणतात, त्याच्या कलम ६ मध्ये हे लिहिलंय. अंतर गेटपासून रस्त्याने मोजायचं नाही. कंपाउंडच्या बाहेरच्या कडेपासून सरळ रेषेत, सगळ्या दिशांना मोजायचं. म्हणजे मागच्या बोळातली टपरीसुद्धा त्यात येते. याच कलमाप्रमाणे अठरा वर्षांखालच्या कुणालाही तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाही. आणि ‘या परिसरात तंबाखूविक्रीला मनाई आहे’ असा फलक कॉलेजने बाहेर दिसेल असा लावायचा असतो. तुमच्या कॉलेजला आहे का, तेही जाता जाता बघून घ्या.

हा नियम मोडला तर दंड किती? जास्तीत जास्त २०० रुपये. कॉलेज रोडवरच्या कुठल्याही कॅफेत दोघांचं बिल याहून जास्त होतं. २००३ मध्ये ठरलेला हा आकडा आपल्याकडे तिथेच आहे.

आता दुसरा आकडा बघा. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखूजन्य पदार्थ दिला, तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. अकरावीतला सतरा वर्षांचा मुलगा कायद्याच्या भाषेत ‘बालक’ असतो. म्हणजे टपरी तीच, गिऱ्हाईक तेच. एक कायदा म्हणतो २०० रुपये, दुसरा म्हणतो सात वर्षं. एवढा फरक का? कारण एका कायद्याने या व्यवहाराकडे विक्रीचा नियम म्हणून पाहिलं आणि दुसऱ्याने मुलाचा हक्क म्हणून. तंबाखूविरोधातली जगभरची कायद्याची लढाई समजून घ्यायची असेल, तर हा एक फरक धरून चला. बाकी सगळं त्यातून सुटत जातं.

‘माझे पैसे, माझी फुप्फुसं’

टपरीवरचा वाद तुम्ही शंभरदा ऐकला असेल. ‘मी माझ्या पैशांनी ओढतो. मरेन तर मी मरेन. तुला काय त्रास?’ समोरच्याकडे बहुतेक वेळा उत्तर नसतं. तो फार तर ‘जरा लांब जाऊन ओढ ना यार’ म्हणतो. म्हणजे विनंती करतो.

आपल्या कायद्यातही बरीच वर्षं ही विनंतीच होती. १९८९ च्या रेल्वे कायद्याचं कलम १६७ वाचा. डब्यातल्या दुसऱ्या प्रवाशाने हरकत घेतली, तर धूम्रपान करायचं नाही, असं ते सांगतं. आता पंचवटी एक्स्प्रेसचा गच्च भरलेला डबा डोळ्यांसमोर आणा. समोर दणकट काका सिगारेट पेटवतायत आणि हरकत घ्यायचीय कुणी, तर पहिल्यांदाच मुंबईला इंटरव्ह्यूला निघालेल्या तुम्ही. हरकत घेण्याचं ओझं ज्याला त्रास होतोय त्याच्यावर.

हे ओझं उलटं फिरवलं ते कोर्टांनी. आधी १९९९ च्या जुलैमध्ये केरळ हायकोर्टाने सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाविरुद्ध निकाल दिला. त्याच वर्षी मुंबईचे माजी महापौर मुरली देवरा यांनी सुप्रीम कोर्टात याचिका टाकली. २ नोव्हेंबर २००१ रोजी त्यावर आदेश आला. कोर्टाने आधार घेतला राज्यघटनेच्या कलम २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा. जो सिगारेट ओढत नाही, त्याने केवळ दवाखान्यात, कोर्टात किंवा बसमध्ये जावं लागतं म्हणून आजार का ओढवून घ्यायचा, असा कोर्टाचा रोख होता. हॉस्पिटलं, शिक्षणसंस्था, वाचनालयं, कोर्टाच्या इमारती, सरकारी कार्यालयं, प्रेक्षागृहं, रेल्वेसह सगळी सार्वजनिक वाहनं, इथे धूम्रपान बंद करा, असं कोर्टाने सांगितलं.

यात कोर्टाने कुणाला ‘सिगारेट सोड’ असं म्हटलेलं नाही. ‘माझी फुप्फुसं’ हा मुद्दा त्याने तसाच ठेवला आणि विचारलं, शेजारच्याच्या फुप्फुसांचं काय? त्या दिवसापासून पंचवटीच्या डब्यातल्या तुम्हाला विनंती करावी लागत नाही. श्वास हा तुमचा हक्क झाला.

पुढे २००३ चा कायदा आला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदीचे नियम कडक झाले. ऑफिस, मॉल, थिएटर, कॅन्टीन, कॉफी हाऊस, सगळं त्यात आलं. मोकळी जागा या बंदीत येत नाही, म्हणून रस्त्याकडेला उभं राहून ओढणाऱ्याला हा नियम लागत नाही. पण बसस्टँड आणि रेल्वे स्टेशन येतं. सीबीएसवर बसची वाट बघताना कुणी धूर सोडत असेल, तर तो नियम मोडतोय. सिटीलिंकच्या बसमध्ये तर प्रश्नच नाही.

आणि तुमच्या कॅम्पसमध्ये? तिथे दंड करायला पोलिसांची वाट बघावी लागत नाही. नियमांनी तो अधिकार थेट संस्थेच्या प्रमुखाला, म्हणजे प्राचार्यांना दिलाय. कितीजणांना हे माहीत असतं?

पाकिटावरचा तो घाणेरडा फोटो

दुसरा हक्क माहितीचा. आपण काय विकत घेतोय, त्याने काय होणार आहे, हे विकत घेणाऱ्याला स्पष्ट कळलं पाहिजे. १ एप्रिल २०१६ पासून भारतात पाकिटाचा ८५ टक्के भाग चित्रासह इशाऱ्याने व्यापलेला असतो. कंपन्या गप्प बसल्या नाहीत. डिसेंबर २०१७ मध्ये कर्नाटक हायकोर्टाने हा नियम रद्द केला. जानेवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि फोटो पाकिटावरच राहिला.

ही मारामारी फक्त आपल्याकडची नाही. दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वेने, ज्याची लोकसंख्या नाशिक जिल्ह्यापेक्षाही कमी आहे, पाकिटाच्या ८० टक्के भागावर इशारा छापायला लावला. फिलिप मॉरिस या बलाढ्य सिगारेट कंपनीने २०१० मध्ये त्या देशालाच आंतरराष्ट्रीय लवादापुढे खेचलं. सहा वर्षं खटला चालला. जुलै २०१६ मध्ये उरुग्वे जिंकला. आपल्या लोकांचं आरोग्य सांभाळण्यासाठी देश असे नियम करू शकतो, हे लवादाने मान्य केलं. ऑस्ट्रेलियाने तर २०१२ च्या डिसेंबरपासून पाकिटावरचे कंपन्यांचे रंग, लोगो, डिझाइन सगळंच काढून टाकलं. त्याविरुद्धची तक्रार जागतिक व्यापार संघटनेपर्यंत गेली आणि तिथेही ऑस्ट्रेलियाचंच म्हणणं टिकलं.

आता परत आपल्या टपरीवर या. तुम्ही किंवा तुमचा मित्र पाकीट घेता का? बहुतेक वेळा नाही. ‘काका, एक द्या’ म्हणायचं, सुटी सिगारेट घ्यायची, दोरीला लटकवलेल्या लायटरने पेटवायची. पाकीट काकांच्या हातात, फोटो काकांच्या हातात. ८५ टक्क्यांसाठी सुप्रीम कोर्टापर्यंत झालेली सगळी लढाई त्या एका ‘एक द्या’पाशी वाया जाते. शिवाय विद्यार्थ्याला अख्खं पाकीट परवडत नाही, सुटी परवडते. सवय लागते ती सुट्यावरच. म्हणूनच सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने सुटी सिगारेट आणि सुटी विडी विकायला बंदी घातली. ही बंदी आहे हे ठाऊक असलेला एक तरी मित्र दाखवा!

जाहिरातीचंही तसंच. कलम ५ प्रमाणे तंबाखूची जाहिरात आणि प्रायोजकत्व, दोन्हींना मनाई आहे. कॉलेजच्या फेस्टसाठी स्पॉन्सर शोधताना हे लक्षात ठेवा. स्टेजमागच्या बॅनरवर कुणाचं नाव लागतंय, याची जबाबदारी तुमच्या कमिटीचीही आहे.

हरलेल्या खटल्यातून जिंकलेली बंदी

महाराष्ट्रात सिगारेटपेक्षा मोठा प्रश्न तोंडात ठेवायच्या तंबाखूचा आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे राज्यातल्या २६.६ टक्के प्रौढांना कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखूची सवय होती. ओढणारे होते फक्त ३.८ टक्के. चघळणारे, मिश्री लावणारे, बार भरणारे मात्र २४.४ टक्के. म्हणून आपली सगळ्यात मोठी कोर्टाची लढाई गुटख्यावरून झाली, आणि ती एखाद्या वेब सीरिजइतकी वळणावळणाची आहे.

भाग पहिला. १ ऑगस्ट २००२ पासून महाराष्ट्राने गुटख्यावर पाच वर्षांची बंदी घातली. आधार होता १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा. कंपन्या कोर्टात गेल्या. व्यवसाय करण्याचं स्वातंत्र्य हाही घटनेने दिलेला हक्क आहे, हे त्यांचं म्हणणं. २००४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ‘गोडावत पान मसाला’ खटल्यात बंदी रद्द केली. राज्याच्या अधिकाऱ्याला त्या कायद्याखाली एवढी मोठी, वर्षानुवर्षांची बंदी घालता येत नाही. स्थानिक, तातडीच्या संकटापुरताच तो अधिकार आहे, असं कोर्ट म्हणालं. कंपन्या जिंकल्या.

भाग दुसरा. त्याच निकालपत्रात कोर्टाने आणखी एक गोष्ट लिहून ठेवली होती. पान मसाला, गुटखा, सुपारी लोक खातात, म्हणून कायद्याच्या दृष्टीने ते ‘अन्न’ आहे. तेव्हा या वाक्याकडे फार कुणाचं लक्ष गेलं नाही.

भाग तिसरा. २००६ मध्ये नवीन अन्न सुरक्षा कायदा आला. २०११ मध्ये त्याखाली नियम झाले. त्यातला एक नियम अगदी साधा: कुठल्याही अन्नपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन वापरता येणार नाही. आता दोन्ही वाक्यं शेजारी ठेवा. गुटखा हे अन्न आहे. अन्नात तंबाखू चालत नाही. झालं! ज्या खटल्यात सरकार हरलं, त्याच खटल्याने पुढच्या बंदीचा पाया घालून दिला. जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्रात गुटखा आणि पान मसाल्यावर पुन्हा बंदी आली. कंपन्या मुंबई हायकोर्टात गेल्या. सप्टेंबर २०१२ मध्ये हायकोर्टाने बंदीला स्थगिती द्यायला नकार दिला. तेव्हापासून हा आदेश दरवर्षी नव्याने काढला जातो. सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी, मावा, खर्रा हेही त्यात आलं.

लॉ करणाऱ्यांनी हा किस्सा परीक्षेसाठी पाठ करावाच. बाकीच्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की चांगला हेतू कोर्टात पुरत नाही, योग्य कलम लागतं.

‘पण गुटखा तर सगळीकडे मिळतो!’ हो, मिळतो. मुंबई-आग्रा महामार्गावर गुटख्याने भरलेली गाडी पकडल्याची बातमी नाशिककरांना नवीन नाही. बंदीमुळे गुटखा नाहीसा झाला, असं म्हणणं खोटं ठरेल. काय झालं? टीव्हीवरची जाहिरात गेली. दुकानासमोरच्या रंगीत माळा गेल्या. पुडी लपून, पुठ्ठ्याखालून द्यावी लागते. २००९-१० मध्ये राज्यातलं तंबाखूचं प्रमाण ३१.४ टक्के होतं, ते सात वर्षांत २६.६ वर आलं. हे सगळं एकट्या कायद्याने केलं नाही. पण दहावीतल्या मुलाच्या डोळ्यांसमोर पुड्यांची माळ लटकत नाही, ही गोष्टही छोटी नाही.

हुक्का, व्हेप आणि ‘यात कुठे तंबाखू असते’

तुमच्या पिढीपुढचा माल वेगळ्या पॅकिंगमध्ये येतो. २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री मुंबईतल्या कमला मिल्सच्या आगीत १४ जण गेले. त्यातले बरेच तुमच्याहून थोडेच मोठे होते. अग्निशमन दलाच्या चौकशीत हुक्क्याच्या निखाऱ्यांकडे बोट दाखवलं गेलं. २०१८ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लर चालवण्यावर बंदी आणली. शिक्षा एक ते तीन वर्षं, शिवाय ५० हजार ते एक लाख दंड.

ई-सिगारेट, म्हणजे व्हेप, तर देशभर बंद आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे त्याचं उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात सगळं गुन्हा आहे. पहिल्याच वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हॉस्टेलमध्ये ‘भाई, माझ्याकडून घे, ओरिजिनल आहे’ म्हणत चार पीस विकणाऱ्या मित्राला हा कायदा दुकानदार म्हणूनच ओळखतो. त्याला कुणीतरी हे सांगायला हवं. पोलिसांनी सांगण्याआधी तुम्ही सांगितलेलं बरं.

सिन्नरची बाई या हिशोबात कुठे?

इथवर वाचून वाटेल की एका बाजूला कंपन्या आणि दुसऱ्या बाजूला आपण. एवढं सोपं नाही.

सिन्नर म्हटलं की आज माळेगाव आणि मुसळगावच्या औद्योगिक वसाहती आठवतात. त्या येण्याआधी सिन्नरची ओळख विडीने होती. मांडीवर सूप घेऊन, टेंभुर्णीची पानं कापून, चिमूटभर तंबाखू भरून, दोऱ्याने बांधून विड्या वळणाऱ्या बायकांनी तिथे घरं चालवली, पोरं शिकवली. मजुरी हजार विड्यांमागे. दिवसभर तंबाखूची धूळ नाकात, आणि वळलेल्या विड्यांतून काही ‘खराब’ म्हणून बाजूला काढल्या की त्यांचे पैसे नाहीत. तुमच्यापैकी कुणाची आजी त्यातली असेलही.

तिलाही हक्क आहेत. १९६६ मध्ये विडी कामगारांसाठी संसदेने स्वतंत्र कायदा केला. घरी बसून विडी वळणारी बाईसुद्धा त्यात ‘कामगार’ धरली गेली आणि बाळंतपणाच्या रजेसारखे हक्क तिच्यापर्यंत आले. १९७६ मध्ये कल्याण निधी आला. त्यातून दवाखाने, मुलांना शिष्यवृत्त्या, घरकुलं असं बरंच झालं. त्यासाठी विडीवर जो उपकर घेतला जायचा, तो २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर बंद झाला.

सीमाभागातल्या निपाणीचंही असंच. तंबाखू हे तिथल्या शेतकऱ्याचं नगदी पीक. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूला भाव मिळावा म्हणून शेतकरी महामार्गावर ठिय्या देऊन बसले, पोलिसांनी गोळीबार केला आणि शेतकऱ्यांचे बळी गेले. आज त्याच निपाणीत तंबाखू विकत घ्यायला २१ वर्षं पूर्ण लागतात. कर्नाटकाने २०२५ मध्ये वयाची अट १८ वरून २१ केली आणि दंड २०० वरून १००० रुपये. आपल्याकडे वय अजून १८ आणि दंड २००.

म्हणजे तंबाखू कमी झाली पाहिजे हे खरं, आणि ती कमी झाली की सिन्नरच्या बाईची मजुरी कमी होते हेही खरं. मग करायचं काय? जगाने याचं उत्तर कागदावर लिहून ठेवलंय. जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू नियंत्रण करार २००३ मध्ये मंजूर झाला. भारताने त्याला फेब्रुवारी २००४ मध्ये मान्यता दिली. आज १८० हून जास्त देश त्यात आहेत. या कराराच्या प्रस्तावनेतच आरोग्याचा हक्क, बालहक्क आणि स्त्रियांचे हक्क सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारांची नावं घेतली आहेत. आणि त्याचं कलम १७ सांगतं की तंबाखूवर पोट असलेल्या कामगार, शेतकरी आणि छोट्या विक्रेत्यांना दुसरा परवडणारा रोजगार मिळावा, यासाठी सरकारांनी मदत करायची आहे. बंदीचे आदेश पटापट निघतात. कलम १७ ची आठवण मात्र फार कमी जणांना होते. तंबाखूविरोधी दिनाच्या पोस्टरवर कवटी काढून झाली की एखादं पोस्टर या बाईच्या पर्यायी रोजगारावरही काढा.

टपरीवाल्या काकांचंही तसंच. कायदा त्यांची टपरी उठवा म्हणत नाही. त्यांना व्यवसायाचा हक्क आहे, २०१४ चा फेरीवाला कायदाही त्यांच्यासाठीच आहे. शंभर यार्डांत चहा विका, पोहे विका, वह्या विका. फक्त तंबाखू नको. म्हणून तक्रार करायची तर तंबाखूची करा, टपरीची नको. आणि चहा तिथेच प्या.

दहा रुपये आणि दीडशे शब्द

आता तो मनात ठेवलेला पावलांचा आकडा काढा. सव्वाशेच्या आत असेल, तर तुमच्या हातात काय काय आहे ते बघा.

पहिली पायरी कॉलेजमध्येच. प्राचार्यांना एक साधं पत्र द्या. फलक लागलाय का, नसेल तर कधी लागेल, कॅम्पसमध्ये धूम्रपान झालं तर दंडाची पावती कोण फाडणार, एवढे तीन प्रश्न. एनएसएसच्या युनिटने दिलं तर उत्तम, पाच जणांनी सही करून दिलं तरी चालेल. पोच घ्यायला विसरू नका.

दुसरी पायरी माहितीचा अधिकार. २००५ च्या या कायद्याखाली कुणीही नागरिक अर्ज करू शकतो, त्याला वकील लागत नाही. दहा रुपये फी, अर्ज एकाच विषयावर आणि महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे साधारण दीडशे शब्दांत. म्हणजे इन्स्टाच्या कॅप्शनएवढा. पोलिसांच्या जनमाहिती अधिकाऱ्याला विचारा: आमच्या कॉलेजच्या हद्दीतल्या पोलिस ठाण्याने गेल्या तीन वर्षांत कोटपाच्या कलम ६ खाली किती कारवाया केल्या? किती दंड जमा झाला? बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली किती गुन्हे नोंदवले? उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. गुटख्याबद्दल असाच अर्ज अन्न व औषध प्रशासनाकडे करता येतो. उत्तरात शून्य आला, तर तो शून्य ही बातमी आहे. कॉलेजच्या भित्तिपत्रकात लावा, नगरसेवकाला दाखवा, आमच्याकडे पाठवा.

तिसरी पायरी सगळ्यात जवळची. तुमच्या ग्रुपमधला जो रोज चार-पाच ओढतो किंवा ज्याच्या गालात कायम बार असतो, त्याच्याकडे गुन्हेगार म्हणून बघू नका. आरोग्याचा हक्क त्यालाही आहे आणि सवय सोडायला मदत मिळणं हा त्या हक्काचाच भाग आहे. निकोटिनची सवय शरीरात बसलेली असते, नुसत्या शपथेने ती जात नाही. समुपदेशन लागतं, कधी औषध लागतं. पाकिटावर त्या फोटोखाली १८००-११-२३५६ हा नंबर छापलेला असतो. तो राष्ट्रीय क्विटलाइनचा टोल-फ्री नंबर आहे. सुटी सिगारेट घेणाऱ्याला तो कधी दिसतच नाही. तुम्ही त्याला पाठवून ठेवा. लेक्चर न देता, नुसता नंबर.

तंबाखूमुळे जगात दरवर्षी ७० लाखांहून जास्त माणसं जातात, त्यातली साडेतेरा लाखांच्या आसपास भारतात. एवढ्या आकड्यापुढे दहा रुपयांचा अर्ज काय करणार, असं वाटणं साहजिक आहे. पण देशभरच्या गाड्यांमधली आणि बसमधली हवा बदलली, त्याची सुरुवातही एका याचिकेपासूनच झाली होती. अर्ज लिहायला घेतलात तर विषयाच्या ओळीत आपल्या कॉलेजचं नाव नीट लिहा, खाली तारीख टाका आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा.